भुताला बूट कशाला?

यल्व्हर्टनला तुम्ही गाडी बदलता. प्लिमथहून तुम्हाला घेऊन आलेली गाडी पुढे निघून जाते. पलीकडच्या फलाटावर मोजक्या डब्यांची एक छोटी गाडी वाफ सोडत उभी असते. साल आहे १९०१. व्हिक्टोरिया राणीला जाऊन काही महिनेच झालेत. दिनदर्शिकेप्रमाणे वसंत आला आहे, पण डब्याच्या फटीतून येणारा वारा ते मानायला तयार नाही. पुढचे साडेदहा मैल ही गाडी चढत राहते. आधी झाडं मागे पडतात, मग कुंपणं, मग घरं. किंग्ज टॉरपाशी रूळ टेकडीला असा वळसा घालतात की मघाशी ज्या रुळावरून आलात तोच खाली जवळच दिसतो. खिडकीबाहेर आता फक्त तपकिरी माळरान उरतं. क्षितिजावर अधूनमधून ग्रॅनाइटचे ढीग दिसतात. हे खडक वाऱ्यापावसानं झिजून असे झाले आहेत, हे तुम्हाला ठाऊक असतं. तरीही पहिल्यांदा पाहताना वाटतं की कुणीतरी तिथे ते मुद्दाम रचून ठेवलेत.

प्रिन्सटाउनला गाडीचा प्रवास संपतो. समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे फुटांवरचं हे गाव. गाव लहान, तुरुंग मोठा. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात पकडलेल्या फ्रेंच सैनिकांना ठेवायला १८०६ साली तो बांधायला घेतला आणि १८०९ मध्ये वापरात आणला. पुढे अमेरिकन युद्धकैदीही इथे आले. मग तो रिकामा पडला आणि १८५० पासून लांब मुदतीच्या सजा झालेले गुन्हेगार इथे येऊ लागले. रस्त्यानं चालताना करड्या भिंती तुमच्या बाजूनं चालत राहतात. कैद्यांची एक टोळी दगडांच्या खाणीवरून परत येत असते, पुढेमागे बंदूकधारी पहारेकरी. कुणी तुमच्याकडे पाहत नाही. तुम्हीही नजर वळवता. या भिंतींवरून कुणी उडी मारलीच तर तो जाणार कुठे, हा प्रश्न मात्र मनात राहतो. तो विसरू नका. दोन दिवसांपूर्वी इथे उतरलेल्या एका पाहुण्यालाही तो पडला आहे.

तो पाहुणा तुम्हाला डची हॉटेलात भेटेल. बसायच्या खोलीत शेगडी पेटलेली, तिच्याजवळच्या खुर्च्यांत दोन पुरुष बसलेत. एक धिप्पाड, मोठ्या मिशांचा, चाळिशी ओलांडलेला: डॉक्टर आर्थर कॉनन डॉयल. दुसरा जेमतेम तिशीचा, सहा फुटांहून उंच, केंब्रिजमध्ये रग्बी खेळलेला: बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन, लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चा पत्रकार. डॉयलला सगळं इंग्लंड ओळखतं, रॉबिन्सनला फारसं कुणी ओळखत नाही. तरीही तुमचं लक्ष राहू द्या रॉबिन्सनवर, कारण बोलतोय तो आणि ऐकतोय डॉयल.

दोघांची ओळख तशी ताजी. आदल्या वर्षी डॉयल बोअर युद्धात ब्लूमफाँटेनच्या एका इस्पितळात डॉक्टर म्हणून काम करत होता. तिथे विषमज्वराची साथ अशी पसरली होती की गोळीपेक्षा तापानं जास्त माणसं मरत होती. तिथून परतताना ‘ब्रिटन’ नावाच्या बोटीवर त्याला युद्धाच्या बातम्या पाठवणारा हा तरुण भेटला. मग १९०१ च्या वसंतात दोघं नॉरफोकच्या किनाऱ्यावर क्रोमरला गोल्फ खेळायला म्हणून गेले, आणि तिथल्या रॉयल लिंक्स हॉटेलात रॉबिन्सननं एका भुताळी कुत्र्याची गोष्ट काढली. डेव्हनमधली, त्याच्या स्वतःच्या मुलखातली. घरी बसून ती लिहून काढणं डॉयलला सहज जमलं असतं, पण तो इथे आला. माझ्या मते ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीचं अर्धं यश या एका निर्णयात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्या मागून चालू लागा. बुटांचे बंद घट्ट बांधा. आज त्यांना चौदा मैल चालायचं आहे, आणि गावाच्या दक्षिणेला रस्ता संपला की खरं डार्टमूर सुरू होतं.

या जमिनीच्या पोटात ग्रॅनाइट आहे आणि पाणी त्यातून सहज झिरपत नाही. वर्षाला सत्तर-ऐंशी इंच पाऊस. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण कोकणात तो चार महिन्यांत कोसळून समुद्राला मिळतो, इथे बारा महिने भुरभुरतो आणि सखल भागात साठून राहतो. त्या आंबट, थंड, हवा नसलेल्या पाण्यात मेलेलं गवत आणि शेवाळ धड कुजत नाही. एकावर एक थर बसत जातात आणि हजारो वर्षांत त्याची काळी, स्पंजासारखी माती होते. तिला पीट म्हणतात. इथली माणसं ती कापून, वाळवून चुलीत जाळतात. जिथे ती पाण्यानं फुगून राहते तिथे मात्र पाय ठेवायचा नसतो. आणि ती जागा ओळखायची कशी? इथला गुराखी उलटा नियम सांगेल. मळकट तपकिरी झुडपांवर खुशाल पाय द्या. पांढऱ्या कापसाच्या बोंडांसारखं गवत दिसलं की सावध व्हा. आणि जिथे सर्वांत सुंदर, सर्वांत गार हिरवं दिसेल तिथून लांब राहा.

तरीही तुम्ही काठावरच्या एका हिरव्या तुकड्यावर बुटाचं टोक टेकवून पाहता. पायाखालची हिरवळ दुधावरच्या सायीसारखी थरथरते आणि तो थरथराट दहा-बारा हात दूरपर्यंत पोचतो. म्हणजे हे सगळं एकाच पाण्यावर तरंगतंय. तुम्ही पाय मागे घेता तेव्हा चिखल तो सोडायला थोडा वेळ लावतो.

समोर पसरलेल्या या विस्ताराचं नाव फॉक्स टॉर मायर्स. कादंबरीतली ग्रिम्पनची महादलदल हिच्यावरूनच घेतली, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि इथे उभं राहिल्यावर ते पटतं. दलदलीच्या काठाला व्हाइटवर्क्स नावाच्या जुन्या कथलाच्या खाणीचे अवशेष आहेत. पडक्या भिंती, बुजलेल्या विहिरी. कादंबरी वाचली असेल तर तुमच्या अंगावर इथे काटा येईल. त्या पुस्तकात दलदलीच्या मधोमध एका ओसाड कथलाच्या खाणीत काय बांधून ठेवलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. डॉयलनं ती खाण कल्पनेतून काढली नाही, त्यानं ती काठावरून मधोमध नेऊन ठेवली इतकंच.

दलदलीच्या पलीकडच्या काठावर एक दगडी क्रूस दिसतो. ती चाइल्डची कबर. चाइल्ड नावाचा शिकारी हिमवादळात वाट चुकला, जगण्यासाठी त्यानं स्वतःचा घोडा मारून त्याचं पोट फाडलं, आत शिरून बसला आणि तरीही गोठून मेला, अशी आख्यायिका. तिथवर जायचं तर दलदलीला मोठा वळसा घालावा लागतो. या मुलखातल्या बहुतेक गोष्टींत माणूस शेवटी मरतो. मरायची कारणं नेहमी तीच: थंडी, धुकं, चिखल. भुतं नंतर येतात.

ईशान्येला बऱ्याच अंतरावर ग्रिम्सपाउंड आहे. तिथेही जाऊन या, कारण कादंबरीतला सर्वांत सुंदर प्रसंग तिथल्यासारख्याच एका झोपडीत घडतो. एका दगडी तटाच्या आत २४ गोल झोपड्यांचे पाये. कांस्ययुगातली वस्ती, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. १८९४ मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा चुलींच्या जागा आणि निजायचे ओटे सापडले. एका वर्तुळाच्या आत उतरून बसा. भिंत कमरेपेक्षा खालीच आहे, तरी वारा एकदम तुटतो. दारातून दिसतो फक्त माळ आणि आभाळ. इथे एकटा माणूस काही दिवस लपून राहू शकेल, हे बसल्याबसल्या कळतं. डॉयललाही कळलं.

परतताना धुकं येतं. ते लांबून चालत येत नाही. आहात तिथेच वाढतं. शंभर पावलांवरचा खडक नाहीसा होतो, मग पन्नास पावलांवरचा. आवाजाची दिशा कळेनाशी होते. कुठेतरी मेंढी ओरडते आणि ती डावीकडे आहे की मागे हे सांगता येत नाही. अशा वेळी तुरुंगाबाहेर काम करणाऱ्या टोळ्यांना घाईनं आत नेत, कारण पळायचं तर धुक्यातच पळायचं, हे कैद्यांना आणि पहारेकऱ्यांना सारखंच ठाऊक असे. तुरुंगापाशी पडलेला तो प्रश्न आठवतो ना? भिंतीवरून उडी मारणारा जाईल कुठे? कादंबरीत सेल्डन नावाचा खुनी याच तुरुंगातून पळतो. तो कुठे जातो, कुणाचे कपडे अंगावर चढवतो आणि त्या कपड्यांपायी त्याचं काय होतं, यावर कथेची एक मोठी कळ फिरते.

आता डार्टमूरच्या आग्नेय काठावर उतरा, बकफास्टले गावी. गावावरच्या टेकडीवर होली ट्रिनिटी चर्च आहे आणि त्याच्या आवारात एक चौकोनी, छप्पर असलेलं, लोखंडी गजांचं लहानसं बांधकाम. आत जड शिळेखाली रिचर्ड कॅबेल हा जमीनदार पुरला आहे. मृत्यू १६७७. लोक सांगतात, हा इतका दुष्ट की तो मेला त्या रात्री काळे शिकारी कुत्रे माळावरून आग ओकत आले आणि त्याच्या घराभोवती ओरडत राहिले. तो पुन्हा उठू नये म्हणून ही शिळा आणि हे गज. गावातली पोरं एकमेकांना पैज लावतात: कबरीला फेऱ्या मार आणि गजातून बोट आत घाल. तुम्हीही हात पुढे करून पाहा. भीती खोटी आहे हे ठाऊक असूनही बोट अडखळतं. त्या अडखळण्यावर डॉयलनं सगळी कादंबरी उभी केली आहे.

आणि नाव? इप्लपेन गावात रॉबिन्सनच्या घरी एक तरुण गाडीवान होता, हॅरी बास्करव्हिल. पाहुण्यांना माळावर आपणच फिरवलं आणि आपलंच नाव कादंबरीला दिलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत असे. गाडीवानाचं आडनाव उमरावाला मिळालं. हे मला फार आवडतं.

आता ऑगस्ट महिना, लंडन. स्ट्रँडला लागून असलेल्या साउदॅम्प्टन स्ट्रीटवर ‘स्ट्रँड मॅगझीन’च्या कचेरीपाशी तुम्ही गर्दीत उभे आहात. अंकाची किंमत सहा पेन्स. या गर्दीचं कारण समजायला आठ वर्षं मागं जावं लागतं. डिसेंबर १८९३ मध्ये याच मासिकात डॉयलनं शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून दिलं होतं. वाचक संतापले, हजारोंनी वर्गणी बंद केली असं सांगतात, पण डॉयल हलला नाही. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. आता डार्टमूरची गोष्ट हातात आल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की या गोष्टीच्या मध्यभागी एक ताकदीचा माणूस हवा, आणि तो आपल्याकडे तयार आहे. त्यानं संपादकांना कळवलं: होम्स असेल तर हजार शब्दांना १०० पौंड, नसेल तर निम्मे. संपादकांनी होम्स निवडला. होम्स जिवंत मात्र झाला नाही. कथा त्याच्या मृत्यूच्या आधीच्या काळातली, १८८९ ची ठरवली. तो खरोखर परतायला १९०३ उजाडावं लागलं.

तुमच्या हातात अंक येतो. पानांवर सिडनी पॅजेटची चित्रं. पहिल्याच पानाच्या तळाशी एक छोटी टीप आहे, तिच्यात या गोष्टीबद्दल मित्र फ्लेचर रॉबिन्सनचे आभार मानलेत. गर्दीतले बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

आणि मग वाचा, तिथेच, रस्त्याच्या कडेला उभे राहून. बेकर स्ट्रीटला डॉक्टर मॉर्टिमर येतो. त्याच्या खिशात १७४२ सालचं हस्तलिखित आहे: क्रॉमवेलच्या काळातला ह्यूगो बास्करव्हिल, त्यानं पळवून आणलेली मुलगी, माळावरचा पाठलाग, आणि ह्यूगोच्या नरड्याशी लागलेलं ते जनावर. होम्स जांभई देतो. मग डॉक्टर दुसरी गोष्ट सांगतो, तीन महिन्यांपूर्वीची. सर चार्ल्स बास्करव्हिल वाड्यामागच्या यू झाडांच्या वाटेवर मेलेला सापडला. अंगावर जखम नाही. पण प्रेतापासून थोड्या अंतरावर पायांचे ठसे होते. माणसाचे नव्हेत. पहिला हप्ता इथे संपतो. पुढचा अंक सप्टेंबरात. अशी ही क्रमशः कथा एप्रिल १९०२ पर्यंत चालणार आहे आणि मार्च १९०२ मध्ये पुस्तक निघेल. तुम्हाला शेवट माहीत आहे, पण तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला नाही. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घ्या.

पुढच्या महिन्यांत त्याच्याबरोबर तुम्ही नॉर्दम्बरलंड हॉटेलच्या दारापाशी उभे असाल. कॅनडाहून आलेला नवा वारस सर हेन्री रागानं लाल झाला आहे. त्याचा एक बूट चोरीला गेला आहे. जोडी नाही, एकच. नवा कोरा, न वापरलेला, तपकिरी. मग दुसऱ्या जोडीतला एक जुना काळा बूट नाहीसा होतो आणि तो नवा बूट खोलीतच परत सापडतो. सगळे याला हॉटेलातला गोंधळ समजतात. होम्स हसत नाही.

इथे थांबा. या कादंबरीचा कणा इथे आहे. शाप, पिढीजात पाप, माळावरचं रात्रीचं रडणं, वाड्याच्या अंधाऱ्या बोळातून मेणबत्ती घेऊन जाणारा बटलर. भयकथेचं सगळं सामान डॉयलनं मांडून ठेवलं आहे आणि ते जराही हलक्या हातानं वापरलेलं नाही. वाचणारा खरोखर भितो. आणि या सगळ्यात एक जुना बूट. नरकातून आलेल्या कुत्र्याला माणसाचा माग काढायला वासाची गरज नसते. नव्या बुटाला वास नसतो. जुन्याला असतो. ज्या क्षणी नवा परत आला आणि जुना गेला, त्या क्षणी होम्सला कळलं की कुत्रा खरा आहे, हाडामासाचा आहे, आणि त्याच्या गळ्यातला पट्टा कुणातरी माणसाच्या हातात आहे.

मग प्रश्न उरतो: कुणाच्या? या प्रश्नाला डॉयल जे उत्तर देतो ते भुताच्या कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त थंड आहे. गुन्हेगाराचं नाव मी सांगणार नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काही जणांना ते पुस्तक अजून पहिल्यांदा वाचायचं आहे आणि त्यांचा मला हेवा वाटतो. पण हेतू सांगतो. हेतू आहे मिळकत. वाडा, जमीन आणि सात लाखांहून जास्त पौंड. शाप खरा मानणाऱ्या, हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला मारायला त्या माणसाला हत्यार लागलं नाही. गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली गोष्ट पुरली. लोककथेचं हत्यार करता येतं, हे डॉयलनं १९०१ मध्ये इतकं स्वच्छ दाखवलं आहे की नंतरच्या किती रहस्यकथांनी तोच धागा पुन्हा ओढला याची गणती नाही.

आणि हे लिहिणारा माणूस कोण? १८९३ मध्येच परामानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा सभासद झालेला. पुढे आयुष्याची शेवटची वर्षं मृतात्म्यांशी बोलता येतं हे जगाला पटवण्यात घालवणारा. त्याला भुतं हवी होती. तरीही होम्सच्या हातात त्यानं बूट दिला, भूत दिलं नाही. स्वतःच्या ओढीविरुद्ध इतकं प्रामाणिक राहणं सोपं नसतं. डॉयलबद्दलचा माझा आदर इथे सर्वांत जास्त आहे.

आता पुन्हा माळावर चला, पण या वेळी कथेच्या आत. ऑक्टोबर १८८९. होम्स लंडनला राहिला आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि त्याचा मित्र वॉटसन एकटा बास्करव्हिल वाड्यात पत्रं लिहीत बसला आहे. सहा-एक प्रकरणं होम्स समोरच येत नाही. गुप्तहेर कादंबरीत हे धाडस फार थोड्यांनी केलं असेल. पण डॉयलला ठाऊक आहे की होम्स खोलीत असला की वाचक भीत नाही. म्हणून तो होम्सला उचलून नेतो आणि आपल्याला वॉटसनसारख्या सरळ, शूर, थोड्या एकाकी माणसाच्या सोबतीला सोडतो. तुम्ही त्याच्यासोबत दलदलीच्या काठावर उभे राहता, एक तट्टू चिखलात मान वर करून किंचाळत बुडताना पाहता, आणि कुठूनतरी लांबलचक हंबरडा येतो. शेजारी उभा असलेला एक माणूस सहज म्हणतो, बिटर्न पक्षी असेल. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला, पाणथळीत लपून घुमणारा पक्षी, इंग्लंडमधून तेव्हा जवळपास संपलेला. उत्तर शहाण्या माणसाचं वाटतं. ते कोण देतंय हे लक्षात ठेवा.

रात्री चंद्रासमोर टेकडीवर एक उंच, सडपातळ आकृती उभी दिसते आणि नाहीशी होते. वॉटसन तिच्या मागावर दगडी झोपडीत जाऊन दबा धरून बसतो, खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवून. ग्रिम्सपाउंडला तुम्ही जिथे वारा तुटल्याचं अनुभवलंत, तशाच भिंतीच्या आत. बाहेर बुटांचा आवाज जवळ येतो. आणि मग जो ओळखीचा, शांत आवाज त्याला बाहेर बोलावतो, तो ऐकून तुमच्याही छातीतला दगड उतरतो. पण डॉयल तुम्हाला फार वेळ सुटकेचा श्वास घेऊ देत नाही. थोड्याच वेळात माळावरून किंकाळी येते.

शेवटची रात्र. तुम्ही होम्स, वॉटसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड यांच्यासोबत खडकामागे पडून आहात. समोरच्या घरात दिवा आहे, सर हेन्री आत जेवतोय. सगळी योजना होम्सनं आखली आहे. एका गोष्टीचा मात्र त्याला आधी अंदाज नव्हता: धुकं. ते दलदलीवरून हळूहळू घराकडे सरकतंय. होम्स तुम्हाला मागे हटवतो, पुन्हा मागे, पुन्हा मागे. बुद्धीनं सगळं जुळवलेला माणूस हवामानापुढे पावलापावलानं हटताना दिसतो. मग पांढऱ्या भिंतीतून पावलं ऐकू येतात, सर हेन्री झपाझप जातो, आणि त्याच्या मागून ते येतं. काळंभोर, तोंडातून आग, डोळ्यांत आग.

ती आग म्हणजे फॉस्फरस. त्या काळच्या वाचकाला हा शब्द कारखान्यांमुळे चांगला परिचयाचा होता. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे आगपेटी कारखान्यातल्या मुली संपावर गेल्या होत्या. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी तिथल्या कामगारांची जबड्याची हाडं सडत. डॉयल डॉक्टर होता, त्याला हे नक्की माहीत होतं. असा फॉस्फरस खऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फासला तर कुत्राच आधी मरेल, म्हणून होम्स ते एक खास, बिनवासाचं मिश्रण असल्याचं सांगून वेळ निभावतो. शास्त्राच्या कसोटीला हा दुवा कच्चा आहे. कथेच्या कसोटीला टिकतो, कारण आपण तोवर फार भ्यायलेलो असतो.

गोळ्या सुटतात, कुत्रा पडतो. तो मेला हे नक्की, कारण त्याला हात लावून पाहता येतं. पण गुन्हेगार? तो धुक्यात दलदलीकडे पळाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे त्याच्या वाटेनं जाता. गवताच्या एका गाठीवर काहीतरी काळं दिसतं. ते काढायला होम्स कमरेपर्यंत चिखलात उतरतो. तो सर हेन्रीचा जुना बूट. त्यापुढे एकही पाऊल सापडत नाही. तो माणूस बुडाला असं सगळे मानतात. पाहिलं कुणीच नाही. होम्सनं कुत्र्याचं कोडं सोडवलं, दलदलीचं सोडवलं नाही, आणि डॉयलनं ते सोडवायचा प्रयत्नही केला नाही. म्हणून हे पुस्तक उत्तर कळल्यावरही पुन्हा वाचता येतं. बऱ्याच रहस्यकथांना ते जमत नाही. माझ्या लेखी होम्सच्या चार कादंबऱ्यांत हीच सर्वश्रेष्ठ, आणि दुसरी तिच्या जवळपासही नाही.

परतीच्या वाटेवर एकदा १९६२ मध्ये उतरा. मुंबईतल्या एखाद्या चित्रपटगृहाच्या अंधारात. पडद्यावर ‘बीस साल बाद’ चालू आहे, दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. डार्टमूरची दलदल इथे आपल्या मातीत आली आहे. शापित घराणं आहे, परदेशाहून परतलेला वारस आहे, कुत्र्याऐवजी रात्री गाणारी एक स्त्री आहे. तो आवाज लता मंगेशकरांचा. त्या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी कॉनन डॉयलचं नाव ऐकण्याआधी त्याची भीती या आवाजातून ऐकली. भुताच्या मागे इथेही शेवटी माणसाचाच हात निघतो. याच १९६२ मध्ये डेव्हनमध्ये हॅरी बास्करव्हिल नव्वदी पार करून वारला.

आज प्रिन्सटाउनला गेलात तर आगगाडी मिळणार नाही, ती १९५६ मध्ये बंद झाली. डची हॉटेलच्या इमारतीत पुढे राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आलं. बकफास्टलेचं चर्च १९९२ मध्ये जळालं, त्याच्या भिंती उभ्या आहेत आणि कॅबेलची कबरही. तुरुंग २०२४ मध्ये रिकामा करावा लागला. कारण होतं रॅडॉन, ग्रॅनाइटमधून झिरपणारा किरणोत्सारी वायू. फॉक्स टॉरची दलदल होती तिथे आहे.

आणि बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन? जानेवारी १९०७ मध्ये विषमज्वरानं गेला, वय ३६. गोष्ट त्याच्या मुलखाची, सुचवली त्यानं, माळ दाखवला त्यानं. लिहिली डॉयलनं, आणि ती फक्त डॉयललाच लिहिता आली असती हेही खरं. डॉयलनं ते ऋण छापून मान्य केलं, मासिकातल्या टिपेत आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतही. विसरलो ते आपण वाचक. ‘बास्करव्हिल’ तुमच्या घरात कोणत्याही भाषेत, कोणत्याही आवृत्तीत असेल तर यंदाच्या पावसाळ्यात काढा. अर्पणपत्रिका असेल तर आधी ती वाचा. नसेल तर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं रॉबिन्सनचं नाव लिहा आणि मगच पहिलं प्रकरण उघडा.